साधं की पॉवर? गाडीसाठी योग्य पेट्रोल निवडायचं कसं

पंपावर गाडी लावली की कर्मचारी विचारतो, ‘‘साधं की पॉवर?’’ कंपनीप्रमाणे शब्द बदलतो, कुठे ‘स्पीड’, कुठे ‘एक्सपी’, पण प्रश्न तोच. मागे रांग असते, गाडी नवीकोरी असते आणि तिला चांगलंचुंगलं घालावं असं मालकाला मनापासून वाटत असतं. मग ‘‘पॉवर टाका’’ असं सांगून तो मोकळा होतो. ही सवय पुढे कित्येक वर्षं चालू राहते आणि बहुतेक गाड्यांना तिचा काडीचाही उपयोग होत नाही. याउलट ज्यांच्या इंजिनाला खरोखर वरचं पेट्रोल लागतं, त्यांतले काही जण लिटरमागे सात-आठ रुपये वाचवायला साधं भरत राहतात. दोन्हीकडे नुकसानच आहे, आणि ते टाळायला मेकॅनिक असावं लागत नाही.

आधी टाकीचं झाकण उघडा

हे काम घरीच करा, पंपावर नको. टाकीचं बाहेरचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला एक स्टिकर दिसेल. त्यावर इंधनाचा प्रकार असतो आणि नव्या गाड्यांवर बहुधा ‘ई२०’ (म्हणजे २० टक्के इथेनॉलपर्यंत चालतं) असं लिहिलेलं असतं. काही गाड्यांवर ‘आरओएन ९१’ किंवा ‘९५’ असा आकडाही असतो. हा आकडा म्हणजे ऑक्टेन. आपल्याला हव्या असलेल्या गोष्टी दोनच: ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती चालतं. स्टिकरवर ऑक्टेन नसेल तर गाडीसोबत आलेलं मॅन्युअल काढा. त्यात इंधनाचं वेगळं पान असतं. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते मिळतं. डाउनलोड करताना आपल्या गाडीचं वर्ष आणि इंजिन बरोबर निवडा.

त्या पानावरचे शब्द नीट वाचा. ‘किमान ९१’ लिहिलं असेल तर ९१ पुरेसं आहे, विषय तिथेच संपला. ‘किमान ९५’ असेल तर त्याखाली जायचं नाही. तिसराही एक प्रकार असतो, ‘९५ वापरावे, न मिळाल्यास ९१ चालेल’. याचा अर्थ असा की ९१ वर इंजिन स्वतःला सांभाळून घेईल, पण थोडी ताकद आणि थोडं ॲव्हरेज सोडून. रोजच्या वापराला अशा गाडीत ९५ भरावं, आणि आडगावी नाहीच मिळालं तर काळजी न करता साधं भरून पुढे निघावं.

शेजाऱ्याकडे तीच गाडी आहे म्हणून त्याचं ऐकून पेट्रोल ठरवू नका. नाव एक असलं तरी इंजिनं वेगळी असतात. ह्युंदाईची व्हेन्यूच घ्या: साधं १.२ लिटर पेट्रोल, १ लिटर टर्बो पेट्रोल आणि डिझेल, तिन्हींवर नाव तेच. स्टिकरचा आणि मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि घरात आणखी जो कोणी गाडी चालवतो त्यालाही पाठवा.

ऑक्टेन म्हणजे काय, आणि काय नाही

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण पिस्टन दाबतो आणि ठरलेल्या क्षणी स्पार्क प्लग त्यात ठिणगी टाकतो. तिथून ज्वाळा क्रमाने पसरावी अशी सगळी आखणी असते. पण दाब आणि उष्णता फार वाढली तर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्वाळा पोचायच्या आधीच आपोआप पेटतं. सिलिंडरमध्ये दाबाचा हिसका बसतो आणि बाहेर टकटक ऐकू येते. यालाच नॉकिंग म्हणतात. सतत चालू राहिलं तर पिस्टन आणि बेअरिंगवर मार बसतो. असं अवेळी पेटणं पेट्रोल किती रोखून धरतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरलेलं आहे. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल नॉकिंगला तितकंच तोंड देतं, जितकं ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनचं मिश्रण देईल.

या मापात ‘ताकद’ कुठेच नाही. १०० ऑक्टेनच्या लिटरभर पेट्रोलमध्ये ९१ पेक्षा जास्त ऊर्जा असते, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. ताकद वाढते ती इंजिनाची बांधणी आणि जुळवणी त्या ऑक्टेनचा फायदा उचलणारी असेल तरच. टर्बो बसवलेली, मिश्रण जास्त दाबणारी इंजिनं वरचं ऑक्टेन मागतात, कारण त्यांच्या सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता जास्त असते. पण फक्त कॉम्प्रेशन रेशोचा (मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचा) आकडा बघून निष्कर्ष काढू नका. मारुतीच्या १.२ लिटर ड्युअलजेट इंजिनात कॉम्प्रेशन १२:१ आहे, आणि तरी ते इंजिन आपल्याकडच्या साध्या पेट्रोलवर चालण्यासाठीच जुळवलेलं आहे. कंपनीने काय लिहिलंय तेच धरायचं.

आजकालच्या गाड्यांमध्ये नॉक सेन्सर असतो. इंजिनातली टकटक आपल्या कानाआधी त्याला कळते आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकायला लागतो. इंजिन वाचतं, पण पिकअप कमी होतो आणि पेट्रोल जास्त जातं. ९५ मागणाऱ्या गाडीत साधं भरल्यावर ‘‘काहीच फरक नाही’’ असं वाटतं त्याचं कारण हेच: किंमत मोजली जाते, पण आवाज होत नाही. उलट ९१ साठी जुळवलेल्या इंजिनात ठिणगी आधीच योग्य वेळी पडत असते. तिथे ९७ किंवा १०० घालून संगणकाला आणखी पुढे सरकायला बहुधा जागाच नसते. जास्तीचं ऑक्टेन नुसतं जळून जातं.

घाटात कान द्या

जुनी गाडी घेतली असेल किंवा आकड्याबद्दल शंका असेल तर इंजिनाला विचारायची उत्तम जागा म्हणजे घाट. उन्हाळ्याच्या दुपारी चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढताय, एसी चालू आहे, गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि आरपीएम पंधराशेच्या आसपास आहे. अशात ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक खडखडाट येतो का, ते ऐका. गाणी बंद, काचा थोड्या खाली.

आवाज आला तर लगेच पेट्रोलला दोष देऊ नका. आधी एक गिअर खाली घ्या. आरपीएम वाढल्यावर आवाज थांबला तर दोष चालवण्याचा होता, वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रखडवत होतो. योग्य गिअरमध्येही आवाज राहिला तर पुढच्या वेळी टाकी जवळपास रिकामी झाल्यावर दुसऱ्या चांगल्या पंपावरून मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ऑक्टेनचं पेट्रोल भरा. तरीही खडखडाट गेला नाही तर गाडी गॅरेजमध्ये दाखवा. सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन, चुकीचे स्पार्क प्लग, तापणारं इंजिन किंवा बिघडलेला सेन्सर, यांतलं काहीही असू शकतं. अशा वेळी १०० ऑक्टेन भरून आवाज दाबून टाकला तर मूळ दुखणं आतल्या आत वाढत राहतं.

हवामानाचाही हात असतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे हवा तापलेली असते, तिथे नॉकिंग लवकर होतं. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ऑक्टेनची भूक कमी होते. लडाखला गाडी घेऊन जाणारे ‘वर चांगलं पेट्रोल मिळणार नाही’ म्हणून धास्तावतात. साध्या इंजिनाच्या गाडीला तिथे ती भीती नको.

पंपावर नेमकं काय काय मिळतं

एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ या प्रदूषण-मानकाचं इंधन आहे. त्यात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाख भागांत १०), आधीच्या बीएस-४ मध्ये ते ५० होतं. स्वच्छतेच्या बाबतीत साधं पेट्रोलही त्याच मानकाचं असतं, हे लक्षात असू द्या.

साध्या पेट्रोलचं ऑक्टेन पूर्वी ८८ होतं, नंतर ते किमान ९१ झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जाहीर केलं की २० टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे ते आता ९५ पर्यंत गेलं आहे. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे मिश्रणाचं ऑक्टेन वाढणं स्वाभाविकच आहे. तुमच्या गाडीला ९१ पुरत असेल तर यानंतर महाग पेट्रोल भरायला ऑक्टेनचं कारणच उरत नाही. गाडीला ९५ लागत असेल तर साध्याच्या मशीनवर किंवा फलकावर आकडा लिहिलाय का बघा, विचारा. स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर ज्याच्या नावातच ९५ आहे ते भरा.

नावाबद्दलही सावध राहा. इंडियन ऑइलचं एक्सपी९५, हिंदुस्थान पेट्रोलियमचं पॉवर९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७ यांत आकडा नावातच आहे. नुसतं ‘पॉवर’, नुसतं ‘स्पीड’ किंवा ‘प्रीमियम’ म्हटलं की आकडा कळत नाही. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये दहा शहरांत आलं, त्यात मुंबई आणि पुणे होते. ते अजूनही मोजक्याच पंपांवर मिळतं आणि साध्याच्या साधारण दीडपट भावाने पडतं.

प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायनं जास्त असतात, हे खरं आहे. त्यासाठी प्रत्येक टाकी महागाची भरावी इतकं ते मोठं नाही. ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे इनटेक व्हॉल्व्हवरचा थर या रसायनांनी निघत नाही, कारण पेट्रोल तिथून जातच नाही. बाजारात मिळणाऱ्या ‘ऑक्टेन बूस्टर’च्या बाटल्यांपासून मात्र लांबच राहा. त्यांतली काही रसायनं प्लगवर आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर थर धरतात, आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

हिशेब कागदावर मांडा

महिन्याला हजार किलोमीटर आणि लिटरला १५ चं ॲव्हरेज धरलं तर जवळपास ६७ लिटर पेट्रोल लागतं. ९५ साठी लिटरमागे साडेसात रुपये जास्त दिले तर महिन्याला सुमारे ५०० रुपये, वर्षाला ६,०००. १०० ऑक्टेनसाठी लिटरमागे ५० रुपये जास्त धरले तर वर्षाला जवळपास ४०,०००. भाव बदलत राहतात, आपल्या शहरातला फरक घालून हिशेब करा. त्या सहा हजारांत दर्जेदार इंजिन ऑइल, नवा एअर फिल्टर आणि प्लग सहज येतात, आणि ९१ मागणाऱ्या गाडीला त्यांचा उपयोग कितीतरी जास्त आहे.

तरीही स्वतः पडताळून बघायचं असेल तर नीट बघा. पहिल्या कट-ऑफपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, नेहमीसारखी गाडी चालवा. परत त्याच पंपावर, शक्य तर त्याच मशीनवर, पहिल्या कट-ऑफपर्यंत भरा. किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. असं निदान तीन टाक्या एका पेट्रोलवर आणि तीन दुसऱ्यावर करा. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा अंदाजाचा असतो, आणि एका टाकीवरून ठरवलेलं मत ट्रॅफिकवर जास्त अवलंबून असतं.

इथेनॉलचा प्रश्न वेगळा आहे

ऑक्टेन आणि इथेनॉल यांची गल्लत फार होते. ‘‘जुनी गाडी आहे, म्हणून पॉवर भरतो, त्यात इथेनॉल नसतं’’ हे वाक्य पुष्कळदा कानावर येतं. ९५ च्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असू शकतं. १०० ऑक्टेनचं पेट्रोल इथेनॉलविना म्हणून ओळखलं जातं, पण तेही पंपावर विचारूनच घ्या.

तुमची गाडी कुठे बसते ते वर्षावरून कळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांमधले होस, सील वगैरे भाग ई२० सोसणारे आहेत, आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनंही ई२० साठी जुळवलेली आहेत. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांच्या स्टिकरवर ई१० असतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं घसरतंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट धरली होती. म्हणजे १६ देणारी गाडी १५ देईल. याहून फार मोठी घसरण दिसली तर कारण दुसरीकडे शोधा: टायरमधली हवा, चिकटलेले ब्रेक, भरलेला एअर फिल्टर.

जुनी गाडी असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाचे रबरी पाइप आणि गॅस्केट तपासायला मुद्दाम सांगा. काही जुन्या गाड्यांत २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर असे भाग बदलावे लागू शकतात, हे मंत्रालयानेही म्हटलं आहे. गाडीभोवती पेट्रोलचा वास येत असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका. यात आगीचा धोका आहे.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत तळाला जेमतेम पेट्रोल ठेवून जाऊ नका. ती बऱ्यापैकी भरलेली असली की आत दमट हवेला जागा राहत नाही. सीएनजी गाडीवाल्यांनी तर पडून राहणाऱ्या पेट्रोलकडे जास्तच लक्ष द्यावं. गॅसवर धावणाऱ्या गाडीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं, त्यातला उडून जाणारा भाग उडतो, आणि एक दिवस गॅस संपल्यावर गाडी पेट्रोलवर धक्के खायला लागते. टाकीत थोडं पेट्रोल ठेवा, आठवड्यातून काही किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, आणि पेट्रोल जुनं होऊ न देता भरत राहा.

डिझेलवाल्यांना ऑक्टेनची चिंता नाही, त्यांच्याकडे सीटेन (डिझेल किती चटकन पेटतं त्याचं माप) असतं आणि बीएस-६ च्या साध्या डिझेलमध्ये ते किमान ५१ असतं. मॅन्युअलने वेगळं काही सांगितलं नसेल तर साधं डिझेल भरा, पण खप असलेल्या पंपावरून. नव्या काही डिझेल गाड्यांना डीईएफही (धूर स्वच्छ करणारं द्रावण) लागतं. त्याची टाकी आणि झाकण वेगळं असतं, ते डिझेलमध्ये कधीही जाता कामा नये.

पंपावर उभं असताना

गाडीतून खाली उतरा. ग्रेड तोंडाने सांगा, ‘‘साधं, हजारचं’’ किंवा ‘‘एक्सपी९५, टाकी फुल’’, आणि नोझल उचलल्यावर मशीनवरचं नाव वाचा. झिरो बघा, आणि झिरोशेजारचा भाव पण बघा. चुकून प्रीमियम लागलं असेल तर ते भावावरूनच कळतं. पहिल्या कट-ऑफला थांबवा. त्यावर ठासून भरलेलं पेट्रोल वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरपर्यंत जातं आणि तो खराब करतं.

दर्जाबद्दल शंका आली तर फिल्टर पेपर मागा, तो तुमचा हक्क आहे. नोझलचं तोंड पुसून कागदावर एक थेंब टाका. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातं. घनताही तपासून मागता येते. टँकर आला तेव्हाच्या नोंदीशी ३ एककांपेक्षा जास्त फरक असेल तर विचारणा करा. आणि माप कमी वाटलं तर पंपावर वैधमापन खात्याची मोहर असलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, त्यात तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा.

परदेशात राहायला गेलेल्यांसाठी एक खूण. अमेरिकेत पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने, दोन मापांची सरासरी काढून लिहितात. तिथलं ८७ हे ढोबळमानाने आपल्या ९१-९२ च्या तोडीचं आहे, त्यामुळे ते हलकं समजून ९३ भरत बसायचं कारण नाही. दुबई-अबुधाबीकडे ९१, ९५ आणि ९८ हे आपल्याच पद्धतीचे आकडे आहेत.

चुकीचं इंधन गेलं तर

डिझेल गाडीत पेट्रोल जाणं हा जास्त घडणारा आणि जास्त महाग पडणारा प्रकार आहे. पंपावरच लक्षात आलं तर गाडी चालू करू नका, चावी ‘ऑन’लाही फिरवू नका, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेही इंधनाचा पंप सुरू होतो. गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन गाडी ढकलत बाजूला लावा आणि कंपनीच्या रोडसाइड मदतीला फोन करा. टाकी पूर्ण रिकामी करून घ्या. ‘‘थोडंच गेलंय, वरून डिझेल टाकून चालवा’’ हा सल्ला ऐकू नका. आजच्या डिझेल गाड्यांचा हाय-प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, आणि तो गेला तर त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत पोचतो. पेट्रोल गाडीत डिझेल गेलं तरी हेच करा. गाडी चालू झाल्यावर कळलं तर जिथे सुरक्षित असेल तिथे ताबडतोब बंद करा.

९५ च्या गाडीत एकदा साधं गेलं तर यातलं काहीही करायची गरज नाही. ती टाकी संपेपर्यंत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, चढाला खालचा गिअर ठेवा, आणि अर्धी टाकी झाल्यावर बरोबर पेट्रोल भरा. चूक कर्मचाऱ्याची असेल तर पंपावरची तक्रार वही मागून नोंद करा आणि बिलावर इंधनाचं नाव छापलंय ना, ते तिथेच उभं राहून तपासा.